साशिकोचा टाका आणि आईची गोधडी

बारामतीच्या शिवणक्लासात बाईंनी एके दिवशी आम्हा सगळ्यांच्या हाती निळ्या सुती कापडाचा तुकडा आणि पांढऱ्या जाड दोऱ्याची लड दिली. म्हणाल्या, "आज जपानी टाका. साशिको." टाका पाहिला आणि मला हसूच आले. हा तर आपला धावदोरा! याला फी कशाला?

दोन ओळी घातल्या आणि हसू मावळले. वरचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा दिसायला हवा, खालचा त्याहून थोडा आखूड. लांब सुईवर पाच-सहा टाके एकदम घ्यायचे, मगच दोरा ओढायचा. सुई मागून रेटायला तळहाताशी अंगुस्तान असते. ओळ संपली की कापड बोटांनी सारखे करायचे, नाहीतर चुण्या पडतात. माझा पहिला तुकडा वाळल्या भाकरीसारखा वाकडा झाला.

हा टाका हौसेतून जन्मलेला नाही. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नाही. शेतकरी भांगेच्या वाखाचे कापड घालीत. त्सुगारू प्रांतात तर १८ व्या शतकात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच बंदी होती. म्हणून बाया वाखाच्या कापडावर दोरा भरून ते उबदार आणि टिकाऊ करीत, फाटले की चिंधीवर चिंधी लावीत. आग विझवणारे लोकही साशिकोचे जाड कोट पाण्यात भिजवून घालीत.

कुणी काय ल्यावे-नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हे आपल्याला नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असावे, हेही सांगितले. आमच्या आजीने ठिगळ लावले ते असे धुऊन.

सुटीत तो तुकडा इंदापूरला आईला दाखवला. तिने आधी उलटा करून पाहिला.

"गाठ कशाला मारलीस गं? आंगाला टोचंल की."

बाईंनी हेच सांगितले होते!

आई जुनी लुगडी एकावर एक अंथरते, कडेला दगड ठेवते आणि काठापासून आत आत दोरा घालत जाते. उसाच्या खुरपणीवरून आल्यावर, भाकऱ्या झाल्यावर. मागे एका गिऱ्हाइकाने "जुनीच तर लुगडी" म्हणत तिला जेमतेम दोऱ्याचे पैसे टेकवले. आईने घेतले. माझा जीव तिथे जळतो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या ओत्सुची गावात घरे गमावलेल्या बायांनी निवाऱ्यात बसून साशिको शिवायला घेतले, आणि त्यांना शिवलेल्या कामाचे पैसे मिळू लागले. तिथे टाक्याला मोल आले, ते कापड नवे की जुने यावरून नव्हे.

साशिको मी शिकणारच आहे. पिशव्यांवर ते शोभते. पण यंदाच्या गोधडीला आई रोज किती तास बसते, तेही मी कॅलेंडरवर लिहून ठेवते आहे. काल अकरावा दिवस झाला. मधला चौकोन अजून उरला आहे.