अगणनीय नामे आणि इंग्रजी उपपदे : मराठी भाषकाच्या अंगाने

'अगणनीय नामापूर्वी उपपद येत नाही' हा नियम शाळेतून पाठ करून विद्यार्थी महाविद्यालयात येतात. तरीही त्यांच्या उत्तरपत्रिकांत 'ही गेव्ह मी अ गुड ॲडव्हाइस' आणि 'पोएट्री ऑफ बोरकर इज म्युझिकल' ही दोन वाक्ये शेजारीशेजारी नांदताना मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. पहिल्या वाक्यात नको ते उपपद आले आहे, दुसऱ्यात हवे ते गळाले आहे. गंमत अशी की दुसरी चूक नियम मोडल्यामुळे नव्हे, तो पाळल्यामुळे झाली आहे. नियमच अर्धा आहे.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा असता तर अकादमीच्या वार्षिकात त्यासाठी जागा मागितली नसती. आपल्यापैकी अनेकजण मराठी कथा-कविता इंग्रजीत नेत आहेत, चर्चासत्रांसाठी इंग्रजीत निबंध लिहीत आहेत. अशा लेखनाच्या पहिल्याच पानावर 'अ पोएट्री' दिसली की वाचणारा अनुवादकाच्या इंग्रजीविषयी मत बनवतो आणि ते मत नकळत मूळ मराठी कृतीला चिकटते. कवीचा त्यात काहीच दोष नसतो.

आधी उपपदांचे कूळ पाहू. 'अ' आणि 'द' यांना आपण एकाच डब्यात टाकतो, पण ती एका जातीची नाहीत. 'ॲन' हा जुन्या इंग्रजीतील 'एक' या संख्यावाचक शब्दाचा झिजलेला अवशेष. व्यंजनापुढे त्यातला 'न' गळाला आणि 'अ' उरला. म्हणजे 'अ' लावताना आपण खरे तर मोजत असतो. जे मोजता येत नाही त्याला 'एक' कसे म्हणणार? 'द'चे मूळ मात्र 'तो, ती, ते' यांसारख्या दर्शक शब्दात आहे. तो मोजत नाही, बोट दाखवतो. आणि बोट पाण्याकडेही दाखवता येते, दुःखाकडेही. म्हणून शाळेतला नियम असा दुरुस्त करावा लागतो : अगणनीय नामाला 'अ'चे वावडे आहे, 'द'चे नाही.

मराठीत उपपदे नाहीत. कोकणी, हिंदी, कन्नडमध्येही नाहीत. पण निश्चित-अनिश्चित हा भेद आपल्याला कळतच नाही असे म्हणणे चूक आहे. 'आम्ही मुलीसाठी मुलगा शोधतो आहोत' आणि 'आम्ही मुलाला शोधतो आहोत' यांतला फरक कोणत्याही मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. पहिल्या वाक्यात स्थळे पाहणे चालू आहे, दुसऱ्यात कोणीतरी ठरावीक मुलगा सापडेनासा झाला आहे. जे काम इंग्रजी 'अ' आणि 'द'वर सोपवते, ते इथे एका 'ला' प्रत्ययाने केले. वर्गात उपपदांचा पाठ मी अलीकडे या वाक्यांपासूनच सुरू करते, कारण जाणीव आधीच असते, फक्त तिचा पत्ता वेगळा असतो.

खरी अडचण मोजण्याच्या सवयीत आहे. काय मोजायचे आणि काय नाही, हे प्रत्येक भाषा आपल्या मनाने ठरवते. मराठीत बातम्या येतात, सल्ले दिले जातात, कामे उरकली जातात, पुरावे सादर होतात. इंग्रजीत न्यूज, ॲडव्हाइस, वर्क, एव्हिडन्स ही सारी अगणनीय. आपले केस पिकतात ते अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एक अगणनीय 'हेअर', आणि आमटीत सापडला तर मात्र 'अ हेअर'. आपण तांदूळ निवडतो तेही अनेकवचनात, पण 'राइस' एकवचनीच. यात इंग्रजीचा तर्क आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे समजू नये. त्याच इंग्रजीत 'व्हीट' अगणनीय आणि 'ओट्स' अनेकवचनी आहे. 'न्यूज' हा शब्दही शेक्सपिअरच्या काळात अनेकवचनी चालत असे.

गोव्यात आणखी एक थर आहे. सकाळी पोदेराकडून आपण चार पाव घेतो. 'पाव' हा शब्द ज्या पोर्तुगीजमधून आला, तिथेही पाव मोजता येतात. इंग्रजी 'ब्रेड' मात्र मोजता येत नाही. 'फोर ब्रेड्स' म्हणणाऱ्या गोमंतकीय मुलामागे अशा दोन भाषा उभ्या असतात. 'माहिती'ची गोष्ट याच्या उलट आहे. मराठीतही 'माहित्या' म्हणत नाहीत. तरी 'ॲन इन्फर्मेशन' सर्रास लिहिले जाते, कारण बोलताना 'एक माहिती द्यायची होती' असे आपण म्हणतो. हे 'एक' मोजणीचे नाही, विषय काढण्याचे आहे. इंग्रजीत नेताना ते सोडून द्यावे किंवा 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन' म्हणावे.

या 'पीस ऑफ'ची घोकंपट्टी करून घेण्यापेक्षा मराठीतल्या 'भर'ची आठवण करून देणे मला अधिक उपयोगी वाटते. चिमूटभर मीठ, पळीभर तेल, पेलाभर पाणी, मूठभर तांदूळ : न मोजता येणाऱ्या वस्तूला माप लावून मोजणीत आणण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोजच चालते. 'अ पिंच ऑफ सॉल्ट' ही तीच युक्ती आहे. तिथला 'अ' चिमटीचा आहे, मिठाचा नाही. हॉटेलात 'दोन चहा' सांगताना आपण माप गिळतो आणि इंग्रजही तेच करतो, म्हणून 'टू टीज' बरोबर आहे.

आता 'द'कडे वळू, कारण प्रौढ लेखकांच्या चुका इथेच जास्त होतात. एखाद्या गोष्टीविषयी सर्वसाधारण विधान असेल तर अगणनीय नाम बिनउपपदाचे राहते : 'वॉटर इज प्रेशस'. ठरावीक पाणी असेल तर 'द' : 'द वॉटर इन धिस वेल इज सॉल्टी'. पोर्तुगीजमध्ये पाणी, सोने, स्वातंत्र्य यांविषयी अगदी सर्वसाधारण बोलतानाही निश्चित उपपद लावतात. 1961 पूर्वी त्या भाषेतून शिकलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी 'द लाइफ इज शॉर्ट' असे इंग्रजी ऐकले आहे. त्याचे मूळ इथे असावे.

पण नाम ठरावीक केव्हा होते? विशेषण आधी आले की ते ठरावीक झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. 'गोवन हिस्टरी', 'इंडियन म्युझिक', 'मिडीव्हल मराठी पोएट्री' ही नामे विशेषणे लागूनही उपपदाशिवाय राहतात. तोच आशय 'ऑफ'ने मागून जोडला की 'द' येते : 'द हिस्टरी ऑफ गोवा', 'द म्युझिक ऑफ इंडिया'. षष्ठीचे रूप आधी आले तर ते पुन्हा नाहीसे होते. म्हणून 'द पोएट्री ऑफ बोरकर' आणि 'बोरकर्स पोएट्री' ही दोन्ही शुद्ध. 'द बोरकर्स पोएट्री' अशुद्ध. मराठीत तिन्हींसाठी 'बोरकरांची कविता' एवढेच पुरते, त्यामुळे हा भेद आपल्या नजरेत भरत नाही. 'ऑफ'चा हा नियम शंभर टक्के चालत नाही हेही सांगायला हवे. 'नॉलेज ऑफ इंग्लिश इज एसेन्शिअल' हे वाक्य 'द'शिवाय चालते, आणि 'ऑफ'ऐवजी 'इन' आले की 'लाइफ इन गोवा' असे मोकळेही राहू शकते. तरी शोधनिबंधांच्या शीर्षकांपुरता तो क्वचितच दगा देतो.

आता थोडे गुंतागुंतीचे. काही भाववाचक नामे विशेषण लागताच 'अ' स्वीकारतात : 'अ गुड एज्युकेशन', 'अ डीप सॅडनेस', 'अ साउंड नॉलेज ऑफ संस्कृत'. त्या भावाचा एक विशिष्ट प्रकार डोळ्यांसमोर असतो, म्हणून 'एक' शिरते. मग 'अ गुड ॲडव्हाइस' का नाही? ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज, प्रोग्रेस, वेदर, रिसर्च, होमवर्क, फर्निचर, लगेज ही मंडळी कितीही विशेषणे लावली तरी बधत नाहीत. बँकेच्या व्यवहारात 'ॲडव्हाइस' नावाची चिठ्ठी मोजता येते, पण तो वेगळाच अर्थ. यादी लहान आहे. ती पाठ करावी हेच बरे. यामागचे कारण शोधण्यात मी पुष्कळ वेळ घालवला आहे आणि विद्यार्थ्यांनी तो घालवू नये असे मला वाटते.

साहित्याच्या माणसाला सर्वांत जपावे लागते ते आपल्याच विषयाच्या शब्दांत. मराठीत 'कविता' हा शब्द एका रचनेलाही लागतो आणि संपूर्ण काव्यव्यवहारालाही. इंग्रजीत पहिली 'अ पोएम', दुसरी 'पोएट्री', आणि 'अ पोएट्री' नाहीच. 'फिक्शन' म्हणजे कथात्म साहित्य. 'अ फिक्शन' म्हटले की ती बनावट गोष्ट ठरते. 'क्रिटिसिझम' ही समीक्षा, पण 'अ क्रिटिसिझम' हा एक आक्षेप. एखाद्या समीक्षकाने 'मर्ढेकरांवर समीक्षा लिहिली' याचे भाषांतर 'रोट अ क्रिटिसिझम' असे केले, तर वाचकाला तो मर्ढेकरांचा दोष काढायला बसला होता असे वाटेल. 'वर्क' म्हणजे काम, 'अ वर्क' म्हणजे कलाकृती. अनुभव मोजता येणारा हवा की नाही, हे 'एक्स्पीरिअन्स'पुढे ठरवावे लागते : शिक्षकाच्या नोकरीसाठी लागतो तो अनुभव बिनउपपदाचा, कादंबरीतील नायकाला आलेला एखादा अनुभव 'ॲन एक्स्पीरिअन्स'.

आणि शेवटी 'लिटल'. त्याच्याआधी येणारा 'अ' नामाचा नसून प्रमाणाचा आहे, म्हणून तो अगणनीय नामापुढेही चालतो, आणि तो असणे-नसणे यावर वाक्याचा अर्थ फिरतो. 'देअर इज अ लिटल होप' म्हणजे थोडी आशा आहे. 'देअर इज लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाही. कथेच्या शेवटी आजारी पात्राच्या उशाशी बसलेली आई 'थोडी आशा आहे' असे म्हणत असेल, तर तिच्या वाक्यातला हा 'अ' अनुवादकाने गाळता कामा नये.