देवास : एक गाव, दोन पात्या

इंदूरहून आग्रा रस्त्याला लागलं की सुमारे 35 किलोमीटरवर देवासची टेकडी दिसते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा. गावातले लोक त्यांना ‘बडी माता’ आणि ‘छोटी माता’ म्हणतात. देवासची बरीचशी हकिकत अशी जोडीनंच सांगावी लागते.

1728 मध्ये बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेले तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे दोघे भाऊ. त्यांच्या वंशजांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, पण राजधानी एकच राहिली. 1841 पासून दोन्हींचा कारभार पूर्ण वेगळा झाला. गावच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन पात्यांच्या. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा निराळी. 1901 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती 15,403. एवढ्याशा वस्तीला दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या!

इथला मराठी समाज टिकला तो मुख्यतः या कचेऱ्यांच्या आधारानं. कारकून, शिक्षक, पुरोहित, मानकरी सगळेच दोन्हीकडे लागत. वाड्यात मराठी, बाजारात हिंदी, भोवतालच्या खेड्यांत माळवी अशी भाषेचीही वाटणी होती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1921 मध्ये त्यांच्याच दरबारी चिटणीस होता.

1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि कचेऱ्यांचा तो आधार गेला. मुलं नोकरीसाठी इंदूर-भोपाळकडे वळली. गंमत म्हणजे त्याच वर्षी कुमार गंधर्व इथे राहायला आले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले, घरची भाषा कानडी, आणि क्षयासाठी कोरडी हवा हवी म्हणून माळवा. आजारपणात कानावर पडलेल्या माळवी लोकधुनांनी त्यांच्या गाण्याला नवी वाट दिली. 1992 मध्ये ते गेले, तेही देवासलाच.

पुढे कारखाने आले. 1970 च्या दशकात नोटांचा छापखाना सुरू झाला, देशभरातून माणसं आली. पाणी मात्र पुरेना. 1990 च्या दशकात रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. 2011 मध्ये लोकसंख्या 2,89,550 झाली, म्हणजे 110 वर्षांत जवळजवळ एकोणीसपट. गाव वाढलं, पण ते बाहेरून आलेल्या माणसांनी. त्यात जुनी मराठी घरं मूठभर उरली.

आज सकाळी पोहे-जिलेबी सगळेच खातात, इंदूरला रोज ये-जा करणारेही पुष्कळ. मराठी घरात आजीशी मराठी, भावंडांत हिंदी असं सर्रास चालतं. नातवाला मराठी कळतं. तो उत्तर मात्र हिंदीत देतो. जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यात अशा घरानं काय सांगायचं? एकच शब्द लिहिला की घरातली निम्मी बोलाचाली नोंदीबाहेर राहते.

म्हणून आकड्यांच्या जोडीला आठवणीही टिपायला हव्यात. 1948 पूर्वी जन्मलेली माणसं आता पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेली आहेत. देवासकडचं कुणी वडीलधारं भेटलं तर एवढं जरूर विचारा : ‘काका, तुमचं घर थोरल्या पातीत की धाकट्या?’ उत्तरात रस्ता येईल, विहीर येईल, शेजार येईल. ते तेव्हाच लिहून ठेवा.