तारेचे कुंपण आणि गावचे वाचनालय

अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) किल्ला म्हटला की १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्थानबद्ध असलेले नेहरू आणि आझाद आठवतात. परंतु त्याच शहरात इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धात, आणि पुन्हा सप्टेंबर १९३९ पासून, कोणताही गुन्हा न केलेली शेकडो सामान्य माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली, हे आपल्या स्मरणात नाही. ती भारतात राहणारी जर्मन माणसे होती : पाद्री, इंजिनिअर, डॉक्टर, व्यापारी. पुढे पुरुषांना देवळाली आणि तेथून डेहराडूनला हलविले. काही कुटुंबांना पुरंदर आणि सातारा येथे हद्द ठरवून ठेवले. या स्थानबद्धांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. हिटलरने ज्यांना जर्मन मानले नाही, त्यांना इंग्रजांनी जर्मन ठरवून पकडले!

हे केवळ परकीय राजवटीचे पाप होते काय? तसे म्हणून सुटका होत नाही. १९६२ च्या चीन युद्धात स्वतंत्र भारताच्या सरकारने आसाम व उत्तर बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळीच्या छावणीत पाठविली. यांतील कित्येकांचा जन्म भारतातला होता. युद्ध महिन्याभरात थांबले. शेवटची माणसे मात्र १९६७ मध्ये सुटली.

येथे आपल्याला एक जवळचा प्रश्न विचारला पाहिजे. युद्ध नसतानाही या देशात अशा छावण्या होत्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांना तारेआड कोंडले, हजेरी लावली. जर्मन स्थानबद्धांची विचारपूस करायला रेडक्रॉसचे प्रतिनिधी येत, तटस्थ देश मध्ये पडे. सेटलमेंटमधल्या माणसासाठी बोलणारा देश कोणता? हाच देश त्याचा, आणि यानेच त्याला कोंडलेले. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला. पण पोलिसांच्या नजरेतला संशय त्या दिवशी रद्द झाला नाही.

दोन्ही छावण्यांमागचे तर्कशास्त्र एकच आहे : माणसाने काय केले हे न विचारता तो कोण आहे एवढेच विचारायचे. एकीकडे वंश, दुसरीकडे जात. जातिव्यवस्थेत वाढलेल्या समाजाला हे तर्कशास्त्र खटकत नाही, म्हणून देवळीचे त्याला दुःखही होत नाही.

हा इतिहास गावच्या वाचनालयात मांडला पाहिजे, आणि त्याची सुरुवात किल्लारीसारख्या गावातून व्हावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथल्या माणसांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. घर हरवणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मात्र ती छावणी निवाऱ्याची होती, ही छावणी कोंडण्याची. हा फरक प्रदर्शनाने स्पष्ट करावा. खर्च फार नाही. एका भिंतीवर अहमदनगर, पुरंदर, सातारा, देवळी आणि सोलापूर दाखविणारा नकाशा. शेजारी १८७१ च्या कायद्याची कलमे आणि घटनेचे २२ वे कलम, ज्यात अटकेतल्या माणसाचे हक्कही आहेत आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाटही ठेवलेली आहे. आणि परिसरातील विमुक्त वस्त्यांतल्या वृद्धांनी, त्यांची संमती असेल तर, आपल्या शब्दांत सांगितलेल्या आठवणी.

शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : या भिंतीवरच्या कोणत्या माणसाने कोणता गुन्हा केला होता? उत्तर शोधता शोधता मुले कायदा वाचायला शिकतील. उद्या कोणाला त्याच्या नावावरून, भाषेवरून वा वस्तीवरून उचलले गेले, तर हाच प्रश्न त्यांना मोठ्याने विचारता आला पाहिजे.