'ड्रीम ऑन' आणि पहाटेचे १६०० मीटर

बुलढाण्यातून बोलतोय. हेडफोन लावा, आजचा विषय आहे रॉक बॅलड. म्हणजे हळू सुरू होणारं आणि शेवटी अंगावर काटा आणणारं रॉक गाणं. यातली बरीच गाणी एकच गोष्ट सांगतात: स्वप्न सोडू नको.

उदाहरण घेऊ 'ड्रीम ऑन'चं. एरोस्मिथ हा अमेरिकन बँड, साल १९७३, लांबी साधारण साडेचार मिनिटं. सुरुवातीला गिटारचे सुटे सुटे सूर. मग स्टीव्हन टायलरचा खालच्या पट्टीतला आवाज, जणू स्वतःशीच बोलतोय. हळूहळू ड्रम्स जोर धरतात, आणि शेवटी तोच आवाज इतका वर जातो की हा गातोय की किंचाळतोय, कळत नाही.

आता हे काही आपल्याला परकं नाही. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीत अभंग ऐकलाय ना? आधी एक आवाज. मग टाळकरी धरतात, पखवाज चढतो, लय वाढते. एकट्याचं गाणं सगळ्यांचं होतं. बॅलडचंही तसंच. शब्द धीर देतात, पण खरा धीर येतो मागून येणाऱ्या साथीमुळे.

गंमत बघा, इंग्रजीत 'ड्रीम ऑन' टोमणा म्हणूनही वापरतात. म्हणजे आपलं 'बघ स्वप्नं!' या गाण्यालाही आधी तसाच अनुभव आला. १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत ५९व्या नंबरवर अडकलं. नंतर पुन्हा काढलं, तेव्हा १९७६ मध्ये ६व्या नंबरपर्यंत गेलं. गाणं तेच होतं, फक्त मधे तीन वर्षं गेली.

हे मी का सांगतोय? माझा एक मित्र पोलीस भरतीची तयारी करतो. दुसऱ्यांदा थोडक्या मार्कांनी राहिला, तेव्हा मी त्याला हेच गाणं व्हॉट्सॲपवर पाठवलं, खाली आगीचे तीन इमोजी. त्याचा रिप्लाय आला, "गाणे नको पाठवू बे. सकाळी ग्राउंडवर येतं का?"

मला लाजच वाटली. १६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड. एकटा पळताना तिसऱ्या राउंडला तो ढिला पडायचा, आणि वेळ मोजायलाही कोणी नव्हतं. आता मी पाचला उठतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो, तिसऱ्या राउंडला जोरात ओरडतो. पळणं त्याचंच, मी फक्त साथीला.

भरती अजून व्हायचीय. काय होईल, मला माहीत नाही. पण तिसरा राउंड आता ढिला पडत नाही.

तर मंडळी, गाणं जरूर पाठवा. फक्त खाली एक ओळ लिहा: 'सकाळी किती वाजता येऊ?'

भेटू पुढच्या भागात!