छायाचित्रास काठ जोडताना

शालेय समारंभाचे छायाचित्र संगणकावर सजविताना तयार नक्षीची चौकट थेट त्यावर बसविली जाते. ती सुबक दिसते. परंतु रांगेच्या टोकास उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे तिच्याखाली झाकले जातात. ज्या बालकाचे शाळेतील एवढेच छायाचित्र निघाले असेल, त्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. म्हणून काठ चित्राच्या आत न येता बाहेर वाढला पाहिजे.

‘गिम्प’ ही विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली याकामी पुरेशी आहे. प्रथम मूळ छायाचित्राची प्रत करून तिच्यावरच काम करावे. ६ इंच रुंद व ४ इंच उंच छायाचित्र, इंचास ३०० पिक्सेल या प्रमाणात, १८०० × १२०० पिक्सेलचे होते. चारही बाजूंस अर्धा इंच काठ हवा असल्यास ‘इमेज’ या यादीतील ‘कॅनव्हास साइझ’ निवडावे. रुंदी व उंची यांना जोडणारी साखळी सोडवून २१०० व १५०० हे आकडे भरावेत आणि चित्र मध्यभागी घ्यावे. हे चित्र ७ × ५ इंचांच्या कागदावर बरोबर बसते.

मोकळ्या पट्टीतील नक्षी स्वतंत्र थरावर काढावी; म्हणजे ती चुकली तरी मूळ चित्रास धक्का लागत नाही. मुलांनी कागदावर रेखाटलेली वेलबुट्टी संगणकावर उतरवून घेतल्यास अधिकच उत्तम.

छपाईस देण्यापूर्वी दोन्ही चित्रांतील मुले एकदा मोजून पाहावीत. संख्या जुळली, तरच काठ नीट लागला असे समजावे.