पुनरुत्थान

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मध्यवर्ती संकल्पना. क्रूसावर मरण पावलेल्या येशू ख्रिस्ताला परमेश्वराने तिसऱ्या दिवशी मृतांतून उठविले, या श्रद्धेस ही संज्ञा लावतात. मूळ ग्रीक ‘अनास्तासिस’ या शब्दाचा अर्थ ‘उठून उभे राहणे’ असा आहे. पुनर्जन्माहून ही कल्पना भिन्न होय. पुनर्जन्मात जीव कर्मानुसार दुसरा देह धारण करतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती रूपांतरित देहाने मृत्यूपलीकडील जीवनात प्रवेश करते व पुन्हा मरत नाही. लाजराच्या कथेप्रमाणे मृताने पूर्वीच्याच आयुष्यात परतणे, हेही या अर्थाने पुनरुत्थान नव्हे.

ज्यू धर्मात ही कल्पना इ. स. पू. दुसऱ्या शतकातील दानीएलच्या ग्रंथात स्पष्टपणे आढळते. येशूच्या काळी परूशी पंथ ती मानीत असे, तर सदूकी पंथ नाकारीत असे. जगाच्या अंती मृत उठतील, ही परूश्यांची अपेक्षा होती. ती एका व्यक्तीच्या बाबतीत आधीच पूर्ण झाली, हे ख्रिस्ती प्रतिपादनाचे वेगळेपण होय. यासंबंधीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख पौलाच्या पत्रांत मिळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात (सु. इ. स. ५४) तो पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब व शेवटी स्वतः यांना झालेल्या दर्शनांची नोंद करतो. देहाच्या रूपांतरासाठी त्याने पेरलेल्या दाण्याची उपमा योजिली आहे.

चार शुभवर्तमानांतील वृत्तांत तपशिलांत एकमेकांशी जुळत नाहीत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट रिकामी कबर पाहून भयभीत झालेल्या स्त्रियांच्या मौनाने होतो. पुढील बारा वचने नंतरची आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि सर्व वृत्तांतांत एक सूत्र समान आहे : पुनरुत्थानाचे वर्तमान ज्यांना कळते, त्यांच्यावर ते पुढे नेण्याचे कार्य सोपविले जाते. मत्तयात गालीलातील डोंगरावर अकरा शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा होते. त्या क्षणीही काहींच्या मनात संशय होता, हे ग्रंथकार लपवीत नाही. लूक शिष्यांना ‘साक्षीदार’ म्हणतो. योहानात पहिला निरोप मग्दालीया मरीया नेते. पुढे बंद दाराआड येशू आपल्या जखमा दाखवितो व मगच शिष्यांना पाठवितो. ‘प्रेषित’ म्हणजे पाठविलेला. ‘मिशन’ हा शब्दही ‘पाठविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. म्हणजेच प्रेषितकार्य हे पुनरुत्थानाला मागाहून जोडलेले कर्तव्य नसून त्याच्या अर्थाचाच भाग होय; आणि पाठविणारा जखमांसह उभा असल्याने त्या कार्याचे स्वरूप सत्तेचे नव्हे, तर साक्षीचे व सेवेचे ठरते.

मराठीत हा वृत्तांत प्रथम विस्ताराने आला, तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात (१६१६). विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये सेरामपूर येथे छापला गेला. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विदर्भाच्या पूर्वेकडील वनप्रदेशात, जुन्या चांदा जिल्ह्यात (आजचे चंद्रपूर व १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली), एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने कार्य सुरू केले. तेथील अँग्लिकन परंपरा १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाली. कॅथलिकांपैकी केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे हा प्रदेश १९६२ मध्ये सोपविण्यात आला व १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांताची रीतसर स्थापना झाली. पाठविणारे व पाठविलेले दोघेही भारतीयच, हे या दुसऱ्या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

शाळा व दवाखाने ही श्रद्धेची साक्ष की धर्मांतराचे साधन, हा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला. विदर्भ मध्य प्रदेशात असताना त्या राज्याने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली (१९५४). तिच्या अहवालात (१९५६) मिशनरी कार्यपद्धतीवर कठोर टीका होती. ख्रिस्ती संस्थांनी ती एकांगी ठरविली. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मप्रसारविषयक आदेशानेही (१९६५) कोणालाही सक्तीने वा गैर मार्गांनी श्रद्धेकडे ओढण्यास मनाई केली आहे. पुनरुत्थानाच्या वृत्तांतांत संशयितालाही ऐकून घेतले जाते. प्रेषितकार्याच्या इतिहासाला लावावयाची ख्रिस्ती कसोटी त्या ग्रंथांतच उपलब्ध आहे, असे म्हणता येईल.