खतं जाळणारा जमाव

हिंसा, प्रतिकार आणि सत्ता : लेखांक ६

१२ मे १८७५. बुधवार. सुप्याचा आठवडी बाजार भरला होता. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे जुनं गाव आज बारामती तालुक्यात मोडतं, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. आसपासच्या गावांतली माणसं नेहमीप्रमाणे बाजाराला आली आणि गुजराती सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेली. धान्य लुटलं गेलं, कापड लुटलं गेलं. पण जमाव ज्यासाठी आला होता ती वस्तू वेगळी होती. कर्जखतं, वह्या, कोर्टाचे हुकूमनामे बाहेर ओढून त्यांची होळी करण्यात आली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत कमीजास्त प्रमाणात हेच घडलं. सरकारने फौज बोलावली. ९५१ माणसं पकडली गेली आणि त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

शाळेच्या पुस्तकात आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकलो आणि चार मार्कांचं उत्तर लिहून पुढे गेलो. या लेखमालेत त्यापाशी थांबायचं कारण असं, की जमावाच्या हिंसेबद्दल अभ्यासकांत गेली सव्वाशे वर्षं जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायला सुप्याइतकं बोलकं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

वादाची एक बाजू गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये मांडली. माणूस एकटा असताना विचार करतो, जमावात शिरला की त्याची बुद्धी गळून पडते. एकाचा संताप दुसऱ्याला लागतो आणि मग कोणीही कोणालाही कुठेही ओढून नेऊ शकतो. ल बाँच्या डोळ्यांसमोर १८७१ चा पॅरिस कम्यूनचा उठाव होता आणि त्याची धास्ती त्याच्या पानापानांत दिसते. आजही मोर्चाची बातमी देताना ‘माथेफिरू जमाव’ हे शब्द किती सहज वापरले जातात, ते पाहा. नाव माहीत नसलं तरी ल बाँचं म्हणणं आपल्या अंगवळणी पडलं आहे.

त्याला खरं उत्तर मिळालं ते जुन्या दप्तरांतून. जॉर्ज रुदे या इतिहासकाराने फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले पोलिसांचे कागद चाळले आणि १९५९ मध्ये दाखवून दिलं, की बास्तीय तुरुंगावर चालून गेलेली माणसं गुन्हेगार किंवा भटकी नव्हती. सुतार, चांभार, छोटे दुकानदार, रोजंदारीचे कारागीर असे घरदार असलेले लोक होते ते. इतिहासकार ई. पी. थॉम्पसनने १९७१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले धान्याचे दंगे घेतले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमाव धान्य ताब्यात घेतो, त्याला रास्त वाटेल त्या भावाने बाजारात विकतो आणि जमलेले पैसे धान्याच्या मालकाला परत करतो! ज्याची बुद्धी गळून पडली आहे असा माणूस हिशेब करून पैसे परत देत नाही. थॉम्पसनचं म्हणणं असं, की या लोकांच्या मनात बाजार कसा चालावा याची एक नैतिक चौकट होती. ती मोडली गेली म्हणून ते उठले. नुसती भूक हे त्याचं कारण नव्हतं.

आता सुप्याकडे वळू. दंग्यांची चौकशी करायला जो आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालातच एक निरीक्षण आहे. दंगेखोरांचा हेतू बहुतेक सगळीकडे खतं आणि हुकूमनामे मिळवून नष्ट करणं हाच होता. सावकाराने ती गुपचूप काढून दिली, तर सहसा पुढे काही होत नसे. दिली नाहीत, तर मारहाण, कुठे जाळपोळ. संपूर्ण दंग्याच्या मानाने माणसांवरचे हल्ले थोडे होते. सरकारी अहवालातलं हे वाक्य मला त्या अहवालाच्या बाकी सगळ्या निष्कर्षांपेक्षा मोलाचं वाटतं. कारण आपण कशावर घाव घालतो आहोत, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं माहीत होतं, याची कबुली त्यात आहे.

कागदावरच घाव का? यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

पूर्वी गावात सावकार होता, व्याज होतं, जाचही होता. रवींद्रकुमार या इतिहासकारांच्या मांडणीनुसार त्या सावकाराला पाटील-कुलकर्णी आणि गावकी यांच्या धाकात राहावं लागे. कुळाला बुडवून त्याला गावात राहता येत नसे. शिवाय दामदुपटीचा दंडक होता: व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. इंग्रजांच्या सर्व्हे सेटलमेंटने जमीन प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर लावली. ती विकता, गहाण टाकता येऊ लागली आणि मग कोर्टामार्फत कर्जापोटी काढूनही घेता येऊ लागली. न्यायाधीश पाहणार तो कागद. कागदामागे काय झालं, कुळाला वाचता येत होतं का, पैसे किती हातात पडले, हे विचारण्याची कोर्टाला गरज नव्हती.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. हेतू चांगला होता. खत तीन वर्षांपुरतंच चालेल, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवं खत लिहून घेऊ लागला आणि त्या नव्या खतात थकलेलं व्याज मुद्दल म्हणून चढू लागलं. समजा, एखाद्याने शंभर रुपये शेकडा पंचवीस दराने घेतले आणि काहीच फेडता आलं नाही. तीन वर्षांनी खत होईल १७५ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी ३०६ रुपये ४ आण्यांचं. नवव्या वर्षाअखेर ५३५ रुपये १५ आणे. मधल्या काळात त्याने सावकाराकडून एक पैसाही नव्याने घेतलेला नाही. प्रत्येक खत वेगळं धरलं तर दामदुपट कुठेच मोडलेली नाही, कारण प्रत्येक वेळी मुद्दलच वाढलेलं आहे. आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं.

हे ओझं एरवीही जड होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा सावकार पैसे द्यायला उत्सुक होता. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराने हात आखडला. त्याच सुमारास तीस वर्षांच्या मुदती संपून नव्या आकारणीत शेतसारा पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढला. सारा रोख भरायचा आणि रोख देणारा गावात एकच. त्याने ‘नाही’ म्हटलं की जमीन जाणार, ‘हो’ म्हटलं तर त्याच्या अटींवर अंगठा उठवावा लागणार.

म्हणजे १८७५ च्या शेतकऱ्याच्या आयुष्यावर ज्याची हुकमत होती, तो साहेब नव्हता आणि लाठीवाला शिपाईही नव्हता. ती हुकमत सावकाराच्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या खतात होती. शिपाई आणि बेलीफ त्या खताच्या मागून येत. समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंगने १९६९ मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्याला हेच सांगायचं होतं. कोणी हात उगारलेला दिसत नाही, तरी व्यवस्थेच्या रचनेमुळे माणसं भुकेली राहतात, बेघर होतात, लवकर मरतात.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात हे उघड दिसलं. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यापोटी त्यांचं घर पाडून सामान विकायला निघाला. घर पाडणं ही कायदेशीर वसुली. १८७५ मध्ये तशाच एका हुकूमनाम्याला काडी लावणं हा फौजदारी गुन्हा. दोन्हींत कोणाचं तरी काहीतरी उद्ध्वस्त होतं, पण हिंसा म्हणून नोंद एकाचीच होते. ही नोंद कोण करतं, हाच सत्तेच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न आहे, आणि तो विचारल्याशिवाय कुठल्याही आंदोलनाला ‘हिंसक’ म्हणण्याची घाई करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

करडेकरांनी आधी हिंसा केलीच नाही. १८७४ च्या डिसेंबरात गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांच्याकडे पाणी भरायचं नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही. ही पद्धत आसपासच्या गावांत पसरली. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली म्हणतो, लोक विरोधाचे प्रकार हवेतून निर्माण करत नाहीत. त्यांच्या हाताशी अनुभवाने घडलेले ठरावीक मार्ग असतात आणि त्यांतूनच ते निवडतात. वाळीत टाकणं हे गावाचं सगळ्यात जुनं हत्यार. जातीच्या नावाने त्याने असंख्य माणसांचा छळ केला आहे. इथे तेच हत्यार सावकारावर उगारलं गेलं. त्याने काम भागलं नाही, तेव्हा पाच महिन्यांनी सुपे घडलं.

आणखी एक गोष्ट इतिहासकार रणजित गुहांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात शेतकऱ्यांच्या उठावांबद्दल लक्षात आणून दिली: अशिक्षित समाजात उठाव अफवेच्या वाटेने चालतो. त्या उन्हाळ्यात गावोगाव बोललं जात होतं, की विलायतेच्या राणीने सावकारांची खतं काढून घेण्याचा हुकूम दिला आहे. साहेबाला ही निव्वळ भोळसट समजूत वाटली. मला त्यात शेतकऱ्यांची न्यायाची मागणी दिसते. राणीचं राज्य न्यायाचं असेल तर तिने असाच हुकूम द्यायला हवा, ही अपेक्षा त्यांनी बातमी म्हणून एकमेकांना सांगितली.

इथवर आलं की जमावावर मन जडतं, आणि तिथेच सावध व्हायला हवं. आयोगाने नोंदवलं आहे, की हल्ले जवळजवळ फक्त मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर स्थानिक जातींचे लोक तोच धंदा करत होते, तिथे ते बहुतेक सुटले. व्याज तेच, खतं तीच. मग निवड कशाच्या आधारावर झाली? काही प्रमाणात परका कोण आणि आपला कोण या आधारावर. जमावाला नैतिक चौकट असते हे थॉम्पसनकडून शिकताना त्या चौकटीच्या आत कोणाला घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं, हेही पाहावं लागतं. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८१ ते १८८३ या काळात लिहिला, त्यात शेतकऱ्याला नाडणाऱ्यांच्या यादीत भटशाही आणि सरकारी कचेरी दोन्ही आहेत. सुप्याच्या जमावाला जे दिसलं नाही किंवा दिसूनही ज्याच्या वाटेला तो गेला नाही, ते फुल्यांनी नाव घेऊन सांगितलं.

अहवालालाही आपला पक्ष होता. आयोगाने सगळा दोष सावकारीवर टाकून साऱ्याच्या वाढीला निर्दोष ठरवलं. आयोगातलेच ऑकलंड कॉल्विन यांनी वाढीव आकारणीवर वेगळं टिपण लिहून बोट ठेवलं, पण ते मुख्य सुरात हरवलं. राज्यकर्त्याच्या दप्तरातून रयतेचा आवाज ऐकायचा तर ते दप्तर उलटं वाचावं लागतं, हा गुहांचा आग्रह इथे शब्दशः लागू पडतो.

इतिहासकार नील चार्ल्सवर्थने १९७२ मध्ये तर या दंग्यांचं महत्त्वच फुगवलेलं आहे, असा दावा केला. गावं थोडी, दिवस थोडे, शेतीची आर्थिक घडी नंतरही तशीच. आकड्यांपुरतं त्याचं खरं आहे. पण १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला आणि त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला सांगितलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. सुप्याच्या होळीत जे जळलं, त्याच्याच खरेपणाबद्दल कायद्याने चार वर्षांनी शंका घेतली. याला किरकोळ म्हणणं मला मान्य नाही.

कायदा आल्यावर सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी ते कुळाकडून सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. तोंडी कबूल केलेलं, की पैसे फेडलेस तर जमीन परत देईन. कागदावर मात्र ती विकलेली. तीही फट बुजवण्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

(पुढील लेखांकात : महाड, मार्च १९२७. सत्याग्रही शांत असताना हिंसा कोणी केली आणि का?)